गोपीचंदच्या खिशातलं लवंगतेल

पवनीच्या अलीकडच्या गावातला गोपीचंद मेश्राम जन्माने मासेमार, पण हल्ली स्वतःला वैद्य समजतो. एकदा दुखऱ्या दाढेत लवंगेच्या तेलाचा बोळा धरला, ठणका थांबला, झालं! तेव्हापासून बाटली कायम खिशात. कुणाचं डोकं दुखो की गुडघा, हा झाकण उघडून तयार. "झाडाचं आहे बाप्पा, झाडाचं कायी बाधत नाही," हे त्याचं शास्त्र. जणू धोतरा कारखान्यात पिकतो!

त्याचा सगळा जीव नातीत, रिंकूत. तिला दात येत होते आणि पोर सारखी किरकिरत होती. हिरड्यांना तेल चोळायचंच, असा म्हाताऱ्याचा हट्ट. सून ज्योत्सना हात जोडून नको म्हणे. एवढ्याशा लेकराच्या पोटात हे तेल गेलं तर झटके येतात, लिव्हर जातं, असं आरोग्य केंद्राच्या आशाताईंनी बजावलं होतं. पण सुनेचं ऐकेल तो सासरा कसला!

त्यातच बाजाराचा दिवस आला. जिवंत मागूर मासे ड्रममध्ये उसळतात, एकमेकांना काटे मारतात. थेंबभर लवंगतेलाने गप्प राहतात, असं कुणीतरी सांगितलेलं. यानं अर्धी बाटली ओतली. पवनीच्या बाजारात ड्रमचं झाकण काढलं, तर सगळे मागूर पोट वर करून. गिऱ्हाईक मागूर वळवळता पाहूनच घेतं. एकानंही हात लावला नाही.

लाज वाटावी की नाही? छे! ड्रम तसाच घरी आणला आणि सुनेलाच हाक मारली. "पाह्य, कसे निवांत झोपून राहिले! रिंकूले बी अशीच झोप लागते."

ज्योत्सनानं ड्रममध्ये पाहिलं आणि लेकराला छातीशी आवळलं. गोपीचंद बोट तेलात बुडवून पुढे आलाच. तेवढ्यात त्याच्या बायकोनं, रेवताबाईनं, मनगट पकडलं. बाटली हिसकली, झाकणभर तेल ओतलं.

"झाडाचं आहे न? पयले तुमी प्या."

"मले कायले? मले का दात येऊन राहिले?"

"प्या न!"

गोपीचंदनं झाकण दूर सारलं. "पोटात जाळ होते न व," तो पुटपुटला.

"आन् पोरीच्या पोटात का बर्फ पडते?"

आता रिंकूला चार दात आहेत. आजा दिसला की ती झेपावते. "मामाजी, पयले हात धुऊन या," ज्योत्सना सासऱ्याला म्हणते. तो मुकाट्यानं साबण लावून हात धुतो. परत येतो तोवर ती लेकराला घेऊन आत गेलेली असते.