विमानाचं पोट

२०२६ साल. मी बहात्तर वर्षांचा. शाळा चौथीपर्यंत, तीही धड पुरी नाही. पण पनवेलपासून उरणपर्यंतच्या दुकानांच्या पाट्या, होड्यांवरची नावं, ट्रकमागची फुलं माझ्या हातची होती. ही फुशारकी नाही. ज्यांनी बघितलंय ती माणसं अजून जिवंत आहेत, विचारा. मग फ्लेक्स आले आणि माझे ब्रश डब्यात वाळून गेले.

विमानतळाच्या कामात आमचं गाव उठलं आणि आम्ही उलव्याला आलो. डोक्यावरून विमानं जायला लागली, तशी मी गच्चीवर खुर्ची टाकून बसायला लागलो. माझी सून महाप्याला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. एक दिवस तिने तिचा जुना टॅब आणि त्याचं पेन माझ्या पुढ्यात ठेवलं.

"बाबा, मोबाईलवर बातम्यांतली भांडणं बघून बीपी वाढवण्यापेक्षा यावर विमान काढा."

काढलं. पहिलं विमान पापलेटासारखं आलं. पण मी सोडणाऱ्यातला नाही. काही महिन्यांत पंख, इंजिन, काचा, सगळं जागच्या जागी बसायला लागलं. लेयर म्हणजे काय ते सुनेने शिकवलं. एका काचेवर आकाश, दुसरीवर विमान, तिसरीवर सावली, अशा काचा एकावर एक ठेवायच्या. एक चुकली तर तेवढीच पुसायची.

गावकीतल्या एकाने स्टेशनच्या रस्त्याला लॉज बांधलं होतं. त्याचा बाप माझा दोस्त होता. रिसेप्शनच्या भिंतीवर त्याला भलंमोठं विमान हवं होतं, नेटवरचा फोटो लावणार होता. टपरीवर चार लोकांसमोर मी म्हणालो, "फोटो कोणीपण लावतो. मी काढून देतो." तो म्हणाला, "द्या काका. पण सोमवारी संध्याकाळी पूजा आहे, अख्खं गाव येणार." तेव्हापासून माझी झोप गेली. बोलून बसलो होतो ना. आणि वीस वर्षांत माझ्या हातचं काही कुठल्या भिंतीवर लागलं नव्हतं.

शनिवारी चित्र झालं. दुपारच्या उन्हात खाडीच्या पाण्यावरून पांढरं विमान उतरतंय, चाकं बाहेर काढलेली. पाटीच्या अक्षराला शेड मारायची आमची एक रीत होती. उजेड वरून डावीकडून, काळं खाली उजवीकडे. पाट्या शिकवणाऱ्या माझ्या उस्तादाने कानाखाली मारून शिकवलेली रीत. तीच मी विमानाला लावली. पाठ झगझगीत, पोट काळंकुट्ट.

सुनेने टॅब तिरका करून बघितला.

"भारी आहे. फक्त पोट जरा जास्त काळं वाटतंय का?"

"तू जन्मली नव्हतीस तेव्हापासून मी शेड मारतोय."

"मी फक्त विचारलं."

"विचारू नको. सगळ्या काचा एक करून टाक आणि पाठव."

"बाबा, लेयर एक केल्या तर नंतर वेगळ्या होत नाहीत. राहू द्या ना."

पण पाटी पुरी झाली की वर वार्निशचा हात मारतात, त्याशिवाय काम पक्कं होत नाही, हे माझ्या हाडात बसलेलं. एक कर म्हणजे कर, म्हणालो. तिने केलं, लॉजवाल्याला पाठवलं, आणि स्वयंपाकघरात गेली. त्या रात्री जेवताना तिने मला भाकरी वाढली, पण 'अजून घ्या' म्हणाली नाही.

रविवारी दुपारी गच्चीवर गेलो. बायकोने भाकरीच्या पिठासाठी धुतलेले तांदूळ पांढऱ्या धोतरावर पसरले होते आणि ती ओणवी होऊन हाताने ते सारखे करत होती. ऊन डोक्यावर. तिचं तोंड खाली, म्हणजे ते सावलीत काळं दिसायला हवं. पण हनुवटीच्या खालून, नाकाच्या खालून उजेड येत होता. तिच्या हनुवटीखाली एक तीळ आहे, तो मला लख्ख दिसला. तांदळावरचं ऊन वर उडून तिच्या तोंडावर पडत होतं.

"काय बगतंस माज्याकडं?" ती म्हणाली. "या वयात सुचतंय काय?"

"हलू नको."

"आनि तांदूल काय तुजा बाप पसरंल?"

मी तिच्या जवळ बसून खालून बघायला लागलो तशी तिने मूठभर तांदूळ माझ्या अंगावर फेकले. पण मला माझं चित्र आठवलं. खाली तांदूळ असले तर इतका उजेड, मग माझ्या विमानाखाली तर अख्खी खाडी उन्हात चमकत होती. विमानाचं पोट काळं कसं राहील? तेवढ्यात खरंच एक विमान खाली आलं. डोळ्यांवर हाताची सावली धरून बघितलं. पोट राखाडी होतं, त्यात पाण्याची हिरवट झाक, आणि पंखाच्या मुळाशी तेवढा काळोख. रोज बघत होतो मी. रोज बघून उस्तादाचंच काढत होतो.

लॉजवाल्याला फोन लावला.

"काका, ते तर खांदेश्वरला छापायला दिलं. आज दुकान बंद. उद्या उघडलं की पहिलं आपलंच मशीनवर घेणार आहे."

"थांबव. पोट चुकलंय."

"टेन्शन कशाला घेता? पोट कोन बगतंय?"

"भिंतीवर डोक्याच्या वर लावणार ना तू? मग सगळे खालूनच बघणार!"

तो हसला. मग म्हणाला, "हे बघा, दुकानवाला सुट्टीला फोन घेत नाही. तुम्हीच जाऊन सांगा. पण उशीर झाला तर मी नेटवरचा फोटो लावीन. पूजा तुमच्या विमानासाठी थांबणार नाही."

आता सुनेकडे जाणं आलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. मी दारात उभा राहिलो, घसा खाकरला, परत गेलो, परत आलो.

"ते पोट," म्हणालो.

तिने मान वर केली नाही. "कुणाचं? दुखतंय का?"

"विमानाचं. काळं झालंय."

"असं होय? मला तर विचारूपण नको सांगितलेलं." मग चादर बाजूला ठेवून म्हणाली, "आता बरोबर कोण, तुम्ही का मी?"

"विमान," मी म्हणालो. त्यावर ती हसली, आणि माझ्या छातीवरचं निम्मं ओझं उतरलं.

पण काचा एक झालेल्या. पोट वेगळं निघेना. पुसायला जावं तर खाडीचं पाणी पण पुसलं जायचं. सुनेने पोटाभोवती रेघ मारून तेवढाच भाग धरायला शिकवलं. रेघ बाहेर जायची, पुन्हा धरायचो. राखाडी लावला तर तो मेलेल्या माशासारखा दिसायला लागला. हिरवा मिसळला, जास्त झाला. मध्येच वाटलं, हात गेला आपला, उगाच टपरीवर तोंड चालवलं. चहा थंड झाला. बायको येऊन दुसरा ठेवून गेली.  शेवटी चाकांच्या मागे थोडं काळं ठेवलं आणि बाकी पोटावर पाण्याचा उजेड हलकाच घेतला, तेव्हा इतका वेळ आकाशाला चिकटवल्यासारखं दिसणारं विमान सुटून हवेत आलं. देवापुढे दिवा लागला तेव्हा सून म्हणाली, "बाबा, आता पुरे. बिघडेल."

"काचा एक करू नको," मी म्हणालो.

लॉजवाल्याकडून नंबर घेऊन तिने दुकानवाल्याला नवीन फाईल पाठवली, पण त्याने मेसेज बघितलाच नाही. उघडताच तो जुनीच मशीनवर घेईल, या काळजीने मला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा न घेता टॅब टॉवेलात गुंडाळला आणि रिक्षा करून खांदेश्वरला गेलो. दुकानाचं शटर बंद होतं, म्हणून त्याच्या पायरीवर बसून राहिलो. दुकानवाला आला, मला बघून म्हणाला, "आजोबा, बाजूला व्हा, शटर उघडायचंय." मी म्हणालो, "आधी जुनं विमान काढून टाक, मग उठतो." आणि नवीन पोट मशीनमधून बाहेर येईपर्यंत मी त्या मशीनला हात लावून उभा होतो.