बाबांच्या आवाजामागची घूं

घशाच्या ऑपरेशननंतर बाबांचा आवाज गेला. अगदीच गेला असं नाही. शेजारी बसलेल्याला कळेल इतपत ते कुजबुजायचे. पण आयुष्यभर दशावतारात बायकांची कामं केलेला, देवळासमोरच्या मांडवात शेवटच्या माणसापर्यंत पद पोचवणारा माणूस तो. कुजबुजण्यावर त्याचं काय भागणार? हळूहळू त्यांनी तेही कमी केलं. काही हवं असलं तर हात हलवायचे. नको असलं तर मान.

मी तेव्हा पुण्याच्या कंपनीचं काम घरूनच करायला लागले होते. एका सकाळी बाबांचे जुने दोस्त आले. मालवणच्या बाजारात त्यांचं कापडाचं दुकान. आम्ही त्यांना चाचा म्हणतो. तरुणपणी ते आखातात होते, तिथून टेपरेकॉर्डर घेऊन आलेले. जत्रेत पेटीवाल्याला खेटून बसायचे आणि बाबांचं काम टेप करायचे. त्या कॅसेटी एका बिस्किटांच्या डब्यात भरून त्यांनी माझ्यासमोर ठेवल्या.

"माझी टेप कधीच मोडली गो," ते म्हणाले. "तुझ्या लॅपटॉपात घालून बघ. तुझ्या बापाशीचो आवाज आसा ह्याच्यात."

बाबांनी डब्याकडे पाहिलं आणि माझ्याकडे. मान हलवली नाही. मला तेवढं पुरे होतं.

एक चालू कॅसेट प्लेयर मिळवला आणि ऑडिओ कन्व्हर्टर मागवला. हा तळहाताएवढा धातूचा डबा. कॅसेटचा आवाज लॅपटॉपला कळेल असा करायचा, आणि लॅपटॉपमधला परत स्पीकरला द्यायचा, एवढंच त्याचं काम. पडवीत टेबलावर सगळं जोडलं, बाबांना खुर्चीत बसवलं आणि बटण दाबलं.

आधी आली ती घूं. बंद खोलीत भुंगा अडकावा तशी, जाड आणि न थांबणारी. त्या घूंच्या पलीकडे कुठेतरी बाबा गात होते.

"कॅसेट जुनी आसा," मी म्हटलं आणि ती थांबवली. कॅसेट थांबली, घूं चालूच.

मग मी एकेक वस्तू काढत गेले. प्लेयर काढला, स्पीकर बदलले, वायर बदलल्या. शेवटी लॅपटॉपचा चार्जर उपटला आणि घूं एकदम गप्प. म्हणजे ती विजेबरोबर येत होती. पण चार्जरशिवाय माझ्या लॅपटॉपची बॅटरी कॅसेटची एक बाजूही पुरी होऊ देईना. चार्जर परत लावला, डब्याला बोट लावलं, तर बारीक मुंग्या आल्या. घराचं अर्थिंगच धड नव्हतं.

वायरमनला बोलावलं. आम्ही दोघं घरामागे गेलो. अर्थिंगची तार खाऱ्या हवेने इतकी खाल्लेली की हात लावताच तुटून पडली. जांभ्या दगडात नवा खड्डा काढला, कोळसा आणि मीठ घातलं, नवी तार ओढली. चार्जर लावून स्पीकरला कान लावला. काही नाही. बाहेर माडांच्या झावळ्या सळसळत होत्या, त्या ऐकू आल्या.

बाबांना हाक मारली. कॅसेट लावली. आता आवाज स्वच्छ आला, आणि पदाच्या ऐन चढावर टक् झालं. शब्दाचा एक तुकडाच गायब. थोडं पुढे पुन्हा टक्. बाबांनी हात वर केला आणि उठून आत गेले.

ते मला लागलं. चूक डब्याची होती, पण तुटत होता तो त्यांचा आवाज.

टकटक विजेची नव्हती. बॅटरीवरही येत होती. वायर बदलून गेली नाही, लॅपटॉपच्या सेटिंगा बदलूनही नाही. मग डबा बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवर वाचलं की या डब्याच्या जुन्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे त्याच्या आत बसवलेल्या सॉफ्टवेअरमध्येच, हा दोष आहे, नवीन घाला. घालायला घेतलं. अर्ध्यावर लाइट गेली आणि बॅटरी संपत आलेला लॅपटॉपही बंद पडला. परत आली तेव्हा डब्याचा दिवा लागला नाही. लॅपटॉपला डबा दिसेचना.

कंपनीने कळवलं, डबा पाठवा, कधी परत मिळेल सांगता येत नाही.

आई इतके दिवस गप्प होती. म्हणाली, "सोड गो आता. माणूस डोळ्यांसमोर आसा, ता पुष्कळ नाय?"

"आसत म्हणानच करतंय," मी म्हटलं. माझा आवाज जरा चढला. आई चहा ठेवून गेली.

तोच डबा वापरणाऱ्या कोणीतरी इंटरनेटवर लिहून ठेवलं होतं: बाजूचं बटण दाबून धरायचं आणि तसंच धरून प्लग लावायचा, मेलेला डबा उठतो. माझा उठेना. बटण लवकर सोडून पाहिलं, उशिरा सोडून पाहिलं. मग लक्षात आलं, मधे मी जास्तीचे पोर्ट देणारी पट्टी लावली होती. ती काढून वायर थेट लॅपटॉपला लावली. दिवा लुकलुकला. या खेपेला सगळं इन्व्हर्टरवर घेतलं आणि फर्मवेअर पूर्ण होईपर्यंत टेबलाजवळ कोणाला फिरकू दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी चाचांनाही बोलावलं. वनात सोडलेल्या राणीचा विलाप लावला. घूं नाही, टक् नाही. पेटी, पखवाज आणि बाबा. चाचांनी रुमाल डोळ्यांना लावला. बाबांचे डोळे कोरडे होते. बोटं खुर्चीच्या हातावर ठेका धरून होती. मधेच त्यांनी मला थांबवलं.

"हयसर श्वास कमी पडलो," ते कुजबुजले. "परत लाव."

परत लावलं. त्या दुपारी ते वर्षभरात बोलले नसतील इतकं बोलले.

हल्ली बाबांच्या जुन्या दशावतारी कंपनीत आता बायकांची कामं करणारा नट घरी येतो. मी रेकॉर्डिंग चालवते, बाबा हाताने थांबवतात, तो म्हणून दाखवतो. परवा त्याने हुबेहूब बाबांसारखा सूर लावला. मला वाटलं, बाबा खूश होतील. त्यांनी त्याला जवळ बोलावलं.

"माझ्यासारख्या म्हणू नको," ते म्हणाले. "राणीसारख्या म्हण."

तो पाणी प्यायला आणि पहिल्यापासून सुरू झाला.