पोटगी, परात आणि कांदे

घटस्फोटाच्या केसेस चालवणाऱ्या वकिलाकडे किस्से न मागता जमतात. संभाजीनगरच्या आमच्या कोर्टाबाहेर चहाला बसलं, की निकाल कुणाला आठवत नाहीत. कुणाची परात कुणाकडे गेली ते बरोबर आठवतं.

त्या परातीचंच घ्या. लग्नातली भांडी वाटायला नवरा-बायको माझ्या ऑफिसात बसले होते. ज्याच्याकडच्या माणसाचं नाव कोरलेलं, भांडं त्याचं, असा साधा हिशेब. एका पितळी परातीवर नावच नव्हतं. बराच वेळ ओढाताण झाली. शेवटी ती म्हणाली, "ठेव तुला. पण कणीक कोण मळणार?" त्याने गुपचूप परात तिच्या पिशवीत घातली.

वाळूजच्या कंपनीतला एक पक्षकार घटस्फोट मिळाल्यावर पेढे घेऊन आला. "मॅडम, आता खर्च निम्मा!" पुढच्या महिन्यात आला तो तोंड पाडून. मेसचा डबा, इस्त्री, कामवाली, वर पोटगी. "पगार तोच, माणूस एकटा, तरी पंधरवड्यात खिसा रिकामा. ती कसं भागवत होती हो?" मी म्हटलं, "हे संसारात असताना विचारायचं असतं."

एका शिक्षिकेकडून तिच्या नवऱ्याला पोटगी हवी होती. कायद्याने मागता येते, म्हणून मी अर्ज लिहायला घेतला. शेजारी बसलेली त्याची आई म्हणाली, "बाई, लिहू नका. लग्नापासून हा तिच्याच पगारावर बसलाय. आता सुटली तर सुटू द्या."

माझी सगळ्यांत लाडकी मात्र देवगाव रंगारीची सुनंदा. लेकीला घेऊन माहेरी आलेली. भावजयीपुढे हात पसरायचा नाही, पिठाची गिरणी टाकायची, एवढंच तिच्या डोक्यात. नवरा वैजापूरचा. तडजोडीला बसलो तर म्हणतो, "रोख नाय माझ्याकडं. शेतातले कांदे घ्या." कांद्याला तेव्हा कुत्रंही विचारत नव्हतं. मी चिडले. ती म्हणाली, "घेऊ, वकीलबाई. कांदा मला कळतो."

वडिलांच्या शेडमध्ये तिने ते राखले, सडके काढत राहिली. दिवाळीआधी भाव चढला, गिरणी आली. मला इतका आनंद झाला, की पहिलं दळण मी संभाजीनगरहून नेलं.

पुढच्या उन्हाळ्यात तिचा पूर्वीचा नवरा ऑफिसात हजर. खालमानेनं म्हणाला, "वकीलबाई, तिला विचारा ना. औंदाचे माझे कांदे बी तिच्याकडंच ठेवीन म्हणतो. मला इकणं जमत नाय."

मी त्याच्यासमोरच फोन लावला.

"ठेवू द्या की," सुनंदा म्हणाली. "भाडं मात्र रोख. अन् आधी."