बिनरंगाची सायकल

आत्याने तरुणपणीची ॲल्युमिनियमची माउंटन बाइक माळ्यावरून उतरवली, तेव्हा आतोबा म्हणाले, "भंगार आहे. निदान रंग तरी मार."

"हिला रंग कधी नव्हताच. ज्याला काही झाकायचंय त्याने रंग मारावा."

तिने फ्रेम घासून घासून पातेल्यासारखी लख्ख केली. ब्रेक, गिअर, पेडल, सगळं त्याच काळातलं हवं म्हणून जुन्या बाजारातल्या दुकानदारांचं डोकं खाल्लं. कुणी नवा भाग पुढे केला, की ती सरळ पाठ फिरवायची.

रविवारी दोघं टेकडीवर निघाले. आतोबांची सायकल नवीकोरी, लालभडक. माथ्यावर पोचून आत्याने मागे पाहिलं, तर आतोबा धापा टाकत सायकल ढकलत येत होते.

"अहो," ती वरून म्हणाली, "रंगाचा अजून एक हात मारून बघा."