रुमालाखालचं भाडं

शेवटची मेंढरं विकून वडिलांनी बारामतीलगतच्या जळोचीतल्या आमच्या घरामागे दोन खोल्या काढल्या. नव्वदच्या दशकातली गोष्ट. बारामतीत दवाखाने वाढत होते. पेशंट आत खाटेवर आणि नातेवाईक बाहेर झाडाखाली, असा प्रकार. त्यामुळे चार-आठ दिवसांपुरती खोली शोधणारे पुष्कळ. मी तेव्हा कॉलेजात होते आणि घरात सगळ्यांना अक्कल शिकवत होते.

गिऱ्हाईक आणायचे तात्या. एसटी स्टँडसमोर त्यांची चहाची टपरी होती. गावाकडून बोचकं घेऊन उतरलेला माणूस आधी चहा पितो आणि चहा पितापिता आपलं दुखणं सांगतो. तात्या ऐकून घ्यायचे, खोलीचं भाडं तिथंच आगाऊ घ्यायचे आणि माणूस आमच्याकडे धाडायचे. आमचे पैसे आठवड्याला आणून देत. त्यातले रोजचे पाच रुपये त्यांची दलाली. रोजचं तीस रुपये भाडं वडिलांनी तात्यांशी ठरवलं तेही मेंढरांच्या बाजारात ठरवतात तसं. हातांवर रुमाल टाकायचा, खाली बोटं दाबायची, तोंडातून आकडा काढायचा नाही. भाव चारचौघांत बोलायचा म्हणजे वडिलांच्या अंगावर काटा यायचा. आईचं आणखी वेगळं. दारात आलेल्या माणसापुढे पैशाचं नाव काढायचं नाही, हा तिचा नेम. म्हणजे वडील गप्प, आई गप्प आणि बोलणारे एकटे तात्या. असला कारभार फक्त आमच्याच घरात चालू शकत होता.

आई बावड्याची. तिकडचं माणूस आलं की तिचं काळीज सुपाएवढं व्हायचं. तात्यांना तिने बजावून ठेवलं होतं, "माझ्या म्हायेरच्या मानसांकडनं वीसच घ्यायचं. त्यातनंच तुमचं पाच घ्या."

"वैनी, तुमचं मन लई मोटं," तात्या म्हणायचे. वर भाकरी-कालवण ती फुकट द्यायची. वडील कुरकुरायचे, पण बायकोच्या माहेरापुढे कुणाचं चाललंय?

मग बावड्यात तिच्या भाचीचं लग्न निघालं. हळदीच्या दिवशी आई मला घेऊन बायकांत जाऊन बसली आणि बोलणं एकदम थांबलं. शेवटी तिची चुलत बहीण म्हणाली, "आक्के, राग मानू नगंस. आमच्या आळीतली ती न्हाय का, नवऱ्याचं आपरेशन झालं तवा तुझ्याकडं ऱ्हायलेली? तिच्याकडनं रोजचं पन्नास घेतलंस. गावच्या लेकीनं गावालाच लुटावं व्हय?"

पन्नास! आई म्हणाली, "वीस. मी वीसच सांगितल्यात." कुणाला ते खरं वाटलं नाही. एक म्हातारी तोंडाला पदर लावून हसली. अक्षता पडेपर्यंत आई मांडवाच्या कोपऱ्यात बसून राहिली आणि जेवायलाही उठली नाही. ज्या गावात तिचा शब्द चालायचा, तिथं तिची अब्रू गेली होती.

येताना एसटीत तिने मला एकच विचारलं, "मी सोडलेलं धा रुपयं गेलं कुठं?" कुठं जाणार? भाडं तीस असो की वीस, पाहुण्याला पन्नासच. आईने हात जेवढा सैल सोडला, तेवढी टपरीवरची मूठ भरली. एवढा साधा हिशेब आणि माझ्यासारख्या शहाणीला तो सुचला नव्हता!

घरी आल्यावर तिने वडिलांना सगळं सांगितलं. मला वाटलं, आता हे काठी घेऊन निघतील. ते तंबाखू मळत म्हणाले, "मग? दलाल दोनी अंगानं घेतोच की. बाजाराची रीतच हाय ती."

"तुमाला ठावं व्हतं?"

"घेतो ते ठावं व्हतं. किती घेतो ते इचारायचं नसतं."

तात्यांच्या पन्नासांनी बसला नव्हता एवढा धक्का मला वडिलांच्या त्या थंड आवाजाने बसला. इतकी वर्षं एका घरात राहून ही दोन माणसं दोन वेगळ्या बाजारांत उभी होती.

दुसऱ्या दिवशी आई मला घेऊन स्टँडवर गेली. तात्यांनी आढेवेढे घेतले नाहीत. "गिऱ्हाईक मी गाठायचं, मी बसवायचं, दवाखाना मी दावायचा. त्यांच्याकडनं घेतलं ते माझं. तुमचं काय बुडवलं?" आई बावड्याची गाडी लागते तिथं जाऊन उभी राहिली. गाडी आली आणि जन्मात कधी भाव न बोललेली माझी आई ओरडली, "खोली हाय! रोजचं तीस! वर कायबी न्हाय!" रिक्षावाले माना वळवून बघायला लागले. मला शरमेने मेल्यासारखं झालं आणि तिचा अभिमानही वाटला.

आंधळ्या सासूचा हात धरून एक तरुण बाई उतरली. "तीसच? आन् जेवान?"

"आमच्यातच खायाचं," म्हणत आईने तिची पिशवी उचलली. चालता चालता बाई मोकळी झाली. "बरं झालं बाई तुमी गाठ पडला. जळोचीत एक हाय म्हनं, आमच्याच गावची लेक. तिच्याकडं तेवढं जाऊ नगा म्हनून समद्यांनी सांगून धाडलंय. लई लुटती."

आई थांबली. तिला खोटं बोलता आलं असतं. निदान घरी पोचेपर्यंत गप्प बसता आलं असतं.

"ती मीच," आई म्हणाली.

बाईने तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग आईच्या हातातून पिशवी काढून घेतली, सासूचा हात घट्ट धरला आणि वळून सरळ तात्यांच्या टपरीकडे चालू लागली.