हौसाकाकूचा दुसरा रिपोर्ट

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही दोन दिशांना निघालो. आई-आबा टोळीच्या ट्रकमधून श्रीगोंद्याकडच्या साखर कारखान्याला, ऊस तोडायला. आणि मी पाथर्डीच्या स्टँडवरून एसटीनं शहरात, मेडिसिनच्या एमडीला. ट्रकमध्ये भांडी होती, शेळी होती आणि माझी चुलती हौसाकाकू होती. चढता चढता आई म्हणाली, "कुनी इचारलं तर सांग, आईबाप शेती करत्यात. तोडीचं काई काडू नको." तिनं सांगितलं नसतं तरी मी तेच केलं असतं, हे आधीच कबूल करतो.

हॉस्टेलवर मी बागायतदाराचा मुलगा झालो. मग विहीर आली, चिकूची झाडं आली. आमच्या माळावर धड कुसळं उगवत नाहीत, पण ऐकणाऱ्यांना काय ठाऊक! आमचे सर तर एकदा म्हणाले, "चिकू आणा की कधीतरी." मी मार्केटमधून विकत घेऊन नेले.

एमडीला थिसिस लिहावा लागतो. माझा विषय खेड्यातल्या माणसांचं ब्लड प्रेशर आणि किडनी. एकदा रक्त घ्यायचं, तीन महिन्यांनी पुन्हा घ्यायचं आणि फरक बघायचा. पुढच्या भादव्यात मी शिबिर आमच्याच गावात लावलं. दुसरीकडे इतक्या पटकन हात कोण पुढे करणार? संमतीचा फॉर्म मी मोठ्यानं वाचायला लागलो तर हौसाकाकूनं अंगठाच पुढे केला. "वाचतूस काय रं डाक्टर? घरचंच काम हाय. कुठं उठवायचा तेवडं दाव." सगळे हसले. मीही हसलो आणि कागद मिटला.

भादव्यात तीन महिने मिळवले की काय येतं, हे आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही सांगता येईल. गाव रिकामं. पण मी तोवर ड्यूटी आणि परीक्षा यांच्या हिशेबानं दिवस मोजायला लागलो होतो. दुसऱ्यांदा सुया-बाटल्या घेऊन गेलो तर दारांना कुलपं, आणि पारावर चार म्हातारे. त्यातला एक म्हणाला, "आरं, तुला ठावं न्हाई व्हय? तुजेबी आईबाप तितंच हायेत की."

सरांनी विचारलं, "ही सगळी माणसं गेली कुठे? माहीत असेल तर सांगा, कॉलेजची गाडी देतो, तिथे जाऊन रक्त घेऊ." सर चांगला माणूस होता. पण त्या गाडीत माझ्याबरोबर दोन ज्युनिअर येणार, आणि कारखान्यामागच्या पाचटाच्या कोपीतून माझी आई हात पुसत बाहेर येणार. मी म्हणालो, "पत्ता लागत नाही, सर."

मग आम्ही त्यांच्या नावांपुढे 'लॉस्ट टू फॉलो-अप' असं लिहिलं. म्हणजे संपर्क तुटलेली माणसं. हौसाकाकूची कोपी आईच्या कोपीला लागून होती.

तिच्या पहिल्या रिपोर्टमध्ये क्रिएटिनिन असायला हवं त्याहून जास्त होतं. म्हणजे किडनीला त्रास व्हायला लागला असावा. नक्की काय ते दुसऱ्या रक्तानं कळलं असतं. शिवाय ती अंगदुखीच्या गोळ्या शेंगदाण्यासारख्या खायची. मुकादम पाकिटंच्या पाकिटं आणून द्यायचा. त्या बंद कर आणि पाणी पी, एवढं सांगायला दुसरा रिपोर्टही लागत नव्हता. आईच्या मोबाईलवर मी रोज बोलायचो. 'काकूला दे' म्हणायचं तेवढं राहिलं. हंगाम संपल्यावर सांगू म्हटलं. हंगाम संपला तेव्हा माझी परीक्षा होती. परीक्षा झाली, आणि मग इंग्लंड.

आज मी इथे ज्युनिअर डॉक्टरांना संशोधन कसं करावं ते शिकवतो. कुणाच्या तक्त्यात संपर्क तुटलेली माणसं दिसली की मी खोदून खोदून विचारतो, कुठे गेली, फोन केला का, घरी गेलात का. पोरं मला फार काटेकोर समजतात. त्यांच्या तोंडून स्वतःची तारीफ ऐकताना जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं होतं.

हौसाकाकू आता आठवड्यातून दोनदा नगरला डायलिसिसला जाते. मागच्या रविवारी आईनं व्हिडिओ कॉलवर फोन तिच्या हातात दिला. तोंड सुजलेलं, हाताला पट्टी. मी शब्द जुळवत होतो, तेवढ्यात तीच म्हणाली, "हितला डाक्टर म्हनला, लई आदीपासनं आसंल. म्या म्हनलं, न्हाई वो. आमच्या पोरानं रगत नेलं हुतं. काई आसतं तर त्यानं सांगितलंच आसतं."

मी फोन ठेवला. कॉल तुटला असं आईला मेसेज करून सांगितलं.

म्हणून हे लिहितोय. गावातल्यांनी वाचावं, माझ्यासारखे बाहेर पडलेत त्यांनीही वाचावं; पण आधी काकूच्या नातीनं तिला मोठ्यानं वाचून दाखवावं. काकू, रक्तात निघालं होतं. तू कुठे आहेस तेही मला ठाऊक होतं. मला माझ्या आईबापाची लाज वाटली, म्हणून मी गप्प बसलो.

तिकीट काढलंय. पुढच्या महिन्यात येऊन तुझ्या उंबऱ्याबाहेर उभा राहीन आणि हेच तोंडानं सांगेन. त्यानंतरही तू "आत ये" म्हणालीस, तर मला घर आहे.