दोर मेहुण्याच्या हाती

मी झाडांचा सर्जन होतो. हे आजही कुणाला सांगितलं की तो आधी हसतो आणि मग माझ्या हातांकडे बघतो. आई तर ह्यातला 'झाडांचा' हा शब्द गाळूनच तंजावरच्या नातेवाइकांना सांगायची. त्यामुळे तिकडच्या लग्नकार्यांत लोक मला कोपऱ्यात घेऊन आपली दुखणी सांगत, आणि मीही कंटाळून सुंठ घ्या, ताक घ्या असं सांगून मोकळा होई. त्यात कुणाचं वाईट झाल्याचं ऐकिवात नाही.

खरं तर मी कारकून व्हायचा. वडील कारकून, काका कारकून. मद्रासेत तिरुवल्लिकेणीतल्या आमच्या गल्लीत मराठी बोलणारी जी चार घरं होती तिथेही सगळे खुर्चीवर बसूनच मोठे झालेले. पण माझं आणि गणिताचं कधी पटलं नाही. शेवटच्या परीक्षेत दोनदा आपटल्यावर वडिलांनी ओळखीने मला शहराच्या बागखात्यात चिकटवून दिलं. तिथल्या साहेबाला झाडांवर उपचार करण्याचं वेड होतं. औषधांच्या डब्यांवरचं इंग्रजी वाचेल आणि झाडावरही चढेल असा माणूस त्याला हवा होता. मला वाचता येतं का, एवढंच विचारलं गेलं. चढता येतं का, हे विचारायचं सगळेच विसरले.

शिकवलं ते साहेबाने नव्हे, झाडांवर चढणाऱ्या टोळीच्या मेस्त्रीने. हा म्हातारा दक्षिणेकडच्या किनाऱ्यावरचा, समुद्रात बुडी मारून शंख काढणाऱ्यांच्या घरातला. त्याने पहिलं वर्षभर मला जमिनीवरून हलू दिलं नाही. काथ्याचे दोर धुवायचे, वाळवायचे, त्यांना गाठी मारायच्या आणि सोडायच्या. कोयत्याच्या पाठीने बुंधा ठोकून आत पोकळ आहे की भरीव, ते ऐकायचं. फांदी आधी खालून थोडी कापायची आणि मग वरून, नाहीतर ती पडताना खोडाची साल सोलून नेते. जखमेला डांबर फासायचं. कुजलेली ढोली खरवडून विटांचे तुकडे आणि सिमेंट भरायचं. चिंच वाकेल पण दगा देणार नाही, शेवग्यावर मांजरानेही चढू नये, आणि गुलमोहर दिसतो तसा नसतो. ह्या विद्येची परीक्षा रोज असायची आणि त्यात दोनदा आपटायची सोय नव्हती.

वर्ष संपल्यावर मी कमरेला दोर बांधला, तर मेस्त्रीने तो सोडवला. तुझा मच्चान कुठे आहे, म्हणाला. मच्चान म्हणजे बायकोचा भाऊ. त्याच्या गावी बुडी मारणाऱ्याचा दोर होडीत बसून मच्चाननेच धरायचा, असा रिवाज होता. सख्खा भाऊ चालत नाही. वाटणीचा विचार कधी मनात येईल, सांगता येत नाही. मित्र तर मुळीच नाही. बायकोचा भाऊ मात्र डोळ्यांत तेल घालून धरतो, कारण दोर सुटला तर त्याचीच बहीण विधवा होते. मेस्त्रीने समुद्रावरचा हा कायदा झाडांवर आणला होता, आणि टोळीतले सगळे तो पाळत. माझं तर लग्नच झालं नव्हतं. म्हणून मी आणखी काही महिने गाठी मारत बसलो, आणि घरी आईने मुली बघायला सुरुवात केली. नोकरीत बढती मिळावी म्हणून लग्न करणारा त्या गल्लीत मी पहिलाच असेन.

बायको तंजावरची, आमच्यातलीच. तिच्यामागे एक धाकटा भाऊ, आईबाप नाहीत. लग्नानंतर आम्ही वेस्ट मांबलमला स्टेशनाजवळ दोन खोल्या घेतल्या आणि तोही आमच्याबरोबर आला. सडपातळ, चष्मा लावणारा, टायपिस्ट व्हायचं स्वप्न बघणारा पोरगा. बायकोला दोराची गोष्ट कळली तेव्हा तिने त्याला काही विचारलंच नाही. दुसऱ्या दिवशी दोन डबे भरले आणि आम्हा दोघांना एकदम दारातून बाहेर काढलं.

त्याला ते काम कधीच आवडलं नाही. दोर वरच्या बेचक्यातून खाली येतो, एक टोक माझ्या कमरेला, दुसरं त्याच्या हातात, शेजारच्या एखाद्या खोडाला एक वेढा देऊन. मी 'विडु' म्हटलं की सोडायचं, 'पिडि' म्हटलं की धरायचं. दिवसभरात बोलायचे शब्द हे दोनच. उन्हात मान वर करून बघत राहायचं, डोळ्यांत भुसा पडतो, आंब्यावरून लाल मुंगळे अंगावर ओघळतात. संध्याकाळी तो हात धुऊन टायपिंगच्या वर्गाला जाई आणि सोललेल्या बोटांनी यंत्र बडवून परत येई. मी तोवर भिंतीला टेकून नुसता बसलेला असे. खांदे आपले नव्हेतच असं वाटे. बायको रॉकेलच्या बोळ्याने माझ्या हातांवरचं डांबर काढायची आणि मग दोघांच्या पानात वाढायची. अशी नऊ-दहा वर्षं गेली. माझा एकदाही पाय सुटून जीव गेला नाही याचं श्रेय मी माझ्या पायांना देत होतो.

मग ती गेली. काविळीने, पंधरवड्यात. त्याबद्दल लिहायला मला आजही जमत नाही, तेव्हा लिहीत नाही. तिचे दिवस चालले होते तेव्हाच तिच्या भावाला तांबरमच्या एका कॉलेजच्या कचेरीतून बोलावणं आलं. टायपिस्टची कायम नोकरी, महिनाअखेर हजर व्हायचं. त्याने मला ते खिडकीकडे बघत सांगितलं आणि लगेच म्हणाला की जाणार नाही. मी म्हटलं, वेडा आहेस का. इतकी वर्षं ज्यासाठी बोटं फोडून घेतलीस ते दारात आलंय.  पण पुढे मी जोर केला नाही, कारण तो गेला तर माझा दोर धरणारं जगात कुणीच उरत नव्हतं, हे मला नीट माहीत होतं. मनात ते सारखं चालू असे, आणि त्याची लाजही वाटे.

तेरावा झाला आणि वादळ आलं. मद्रासेला ते कार्तिकाच्या सुमाराला चुकत नाही. शहरभर झाडं आडवी. एका बंगल्याजवळ एक जुना विलायती शिरीष होता, ज्याला तिथे झोपाळू तोंडाचं झाड म्हणतात, कारण संध्याकाळी त्याची पानं मिटतात. त्याची माणसाच्या कमरेएवढी जाड फांदी मधोमध चिरून शेजारच्या कौलांवर लोंबत होती. घरात माणसं होती. टोळीतले बाकीचे दुसऱ्या झाडांवर होते, चढायला हवं होतं आणि चढणारा मीच होतो.

मेस्त्रीने मला बाजूला घेतलं. आवाज खाली आणून म्हणाला, नातं बहिणीबरोबर गेलं. आता हा तुझा मच्चान नाही, नुसता चष्मेवाला माणूस आहे. आधी दुसरं लग्न कर, मग चढ. त्याच्या बोलण्यात दुष्टपणा नव्हता. त्याच्या गावी असंच करत, आणि तो खरोखरच माझ्या काळजीने बोलत होता. मला मात्र भांडायचंही त्राण नव्हतं. मी दोर बांधला आणि खाली पाहिलं, तर मेहुण्याने दुसरं टोक कधीच खोडाला गुंडाळून हातात घेतलं होतं.

वर गेलो. फांदीच्या टोकाकडे सरकायचं म्हणून 'विडु' म्हणून ओरडलो. दोर सुटला नाही. पुन्हा ओरडलो. हातभर सुटला, लगेच ताणला. इतक्या वर्षांत त्याने असं कधी केलं नव्हतं. माझ्या तोंडातून शब्द निघायच्या आत सोडणारा माणूस तो. खालून मेस्त्री त्याला शिव्या देत होता, घरमालक हात जोडत होता, आणि मी मधेच अडकलेला, मागेही नाही, पुढेही नाही. शेवटी जिथवर हात पोचला तिथूनच करवत चालवली. फांदी वेडीवाकडी उतरली, चार कौलं फुटली. माणसं वाचली.

खाली उतरलो तो संतापलेलाच. झालं गेलं सगळं मेहुण्यावर काढलं. विचारलं, मला मारायचं होतं का तुला. त्याने दोर अजून सोडला नव्हता. काथ्यावर रक्त होतं, दोन्ही तळहात सोललेले. चष्म्याच्या काचांवर भुसा बसला होता, तो पुसायलाही त्याला हात मोकळा नव्हता.

"भावजी, अक्का होती तेव्हां भीत नव्हतों मी," तो म्हणाला. "तुम्हीं पडलां असतां तर रडाया ती होती, मी होतों. आतां तुम्हीं पण गेलां तर अक्काचं बोलाया मला कोण आहे?"

मेस्त्री दुसरीकडे बघू लागला. मी मेहुण्याच्या बोटांतून दोर एकेक बोट करून सोडवला.  इतके दिवस मला वाटत होतं की त्या घरात रडणारा मी एकटाच आहे.

स्टेशनापर्यंत आम्ही चालत आलो आणि चालताना मला एक गोष्ट लख्ख कळली. मी चढत राहीन तोवर हा खाली उभा राहणार. तांबरम नाही, टायपिंग नाही, मान वर करून जन्म काढणार. दुसऱ्या दिवशी मी साहेबाला सांगितलं की गुडघे गेले, आता चढणं होणार नाही. गुडघे ठणठणीत होते. दुखत होतं ते बाकी सगळं. त्यांनी मला रोपवाटिकेत बसवलं, कुंड्यांवर देखरेख करायला. टोळीत म्हणाले की बायको गेल्यावर बामणाने हाय खाल्ली. मी म्हणू दिलं. वडिलांना इतक्या उशिरा का होईना मुलगा खुर्चीवर बसल्याचं समाधान मिळालं. मेहुण्याने गुडघ्यांवर काडीचा विश्वास ठेवला नाही, पण तो तांबरमला गेला.

पहिल्याच रविवारी सकाळच्या गाडीने परत आला. शर्टाला इस्त्री, तळहातांवर खपल्या. बाजारातून भाजी आणली होती. आम्ही दोघांनी मिळून स्वयंपाक केला, बायको करायची तशी डांगर पचडी करायला घेतली. उडदाचं पीठ दह्यात कालवलं आणि तिथेच भांडण लागलं. तो म्हणाला, अक्का हिंग फोडणीत घालायची. मी म्हणालो, छट्, पिठातच घालायची, मी रोज खात होतो. तो म्हणाला, मी तुमच्या आधीपासून खातोय. कुणीच माघार घेईना. जेवण होईपर्यंत आम्ही वाद घालत राहिलो, आणि तो मिटवायला आत हाक मारावी म्हणून दोघांनीही एकदमच स्वयंपाकघराकडे तोंड वळवलं.